डोंगरात समुद्र वाचणारे सुरतकर : दाराशा वाडिया

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलीला मुंबईत कॉलेजला आल्यावर एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागते. गाव कुठलं असं कुणी विचारलं आणि मी सुरत म्हटलं, की समोरचा हमखास महाराजांच्या स्वाऱ्यांवरून काहीतरी बोलतो. १६६४ आणि १६७० हे आकडे मला त्यामुळे कधी पाठच करावे लागले नाहीत. स्वाऱ्या संपल्या की गाडी घारीवर आणि लोचोवर येते. मग विषय संपतो. मंडळाच्या बैठकीत या अंकासाठी चरित्रं वाटली जात होती तेव्हा मी ठरवून एक सुरतकर मागून घेतला. दाराशा नोशेरवान वाडिया, भूवैज्ञानिक. जन्म ऑक्टोबर १८८३, सुरत.

नाव ऐकून कुणीतरी म्हणालं की ते तर हिमालयवाले. बरोबर आहे. डेहराडूनला त्यांच्या नावाची हिमालय भूविज्ञानाची मोठी संस्था आहे, आणि त्यांचं नाव ज्यांना माहीत असतं त्यांना ते तिथूनच माहीत असतं. मला मात्र त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते समुद्राच्या तळाच्या बाजूनं. हा माणूस आयुष्यभर डोंगर चढला, आणि तिथे जे वाचत होता तो जुना समुद्रतळ होता. म्हातारपणी तो आजच्या समुद्राच्या तळाकडेही वळला, आणि त्याच्या डोंगराचं उत्तर तिथेच पडलेलं निघालं. पण ते पूर्ण जुळेपर्यंत तो राहिला नाही.

आधी सुरतेचा समुद्र सांगते, कारण तो मुंबईसारखा नाही. डुमसला गेलात तर काळी वाळू दिसेल, आणि ओहोटी असेल तर समुद्र दिसणारच नाही. नुसता चिखल, आणि लांबवर एक चमकती रेघ. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठा. आखाताच्या टोकाला तो दहा मीटरच्याही वर जातो, म्हणजे तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडवायचं आणि दोनदा उघडं करायचं. त्यात तापीचा गाळ. मोगलांच्या काळात सुरत एवढं मोठं बंदर, पण मोठी जहाजं शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीला नांगर टाकून राहायची आणि माल होड्यांतून, गाड्यांतून शहरात यायचा. आमची आजी खानदेशातली, भुसावळकडची. २००६च्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेइतका गाळ भरला होता, तो उपसताना ती म्हणाली म्हणे की हा तर आपल्याच गावचा गाळ, पाहुणा आलाय. (भूगोलाच्या हिशेबानं तिचं अर्धंच खरं. वरचा बराच गाळ उकाईच्या धरणात अडकतो. पण तिला हे सांगायची कुणाची हिंमत नाही.)

आता असं समजा, की अरबी समुद्रातलं पाणी काढून टाकलंय आणि आपण डुमसहून नैर्ऋत्येला चालत निघालोय. पहिले तीनशेएक किलोमीटर आपण उतरतोय हे कळणारही नाही. किलोमीटरला अर्धा मीटर उतार, बस्स. ही शाळेच्या पुस्तकातली समुद्रबूड जमीन, म्हणजे भूखंडमंच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती देशात सर्वांत रुंद आहे. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं तेही याच मंचावर, किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत, आणि तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. म्हणजे तो खरा समुद्रतळ नव्हेच, तो पाण्याखाली गेलेला आपला अंगणाचा तुकडा. साधारण २०० मीटरपर्यंत झाडपाल्याला पुरेल एवढा उजेड पोचतो. त्यानंतर मंच संपतो आणि खंडान्त उतार लागतो. इथे मात्र घाट उतरल्यासारखं होतं. हजार मीटरवर सूर्याचा प्रकाश पूर्ण संपतो. खाली साडेतीन-चार हजार मीटरवर सागरी मैदान, काळोखं, थंडगार, मैलोन्मैल सपाट. आणखी पुढे, आफ्रिकेच्या वाटेवर मध्ये, एक पाण्यातली पर्वतरांग आडवी येते. तिचं नाव कार्ल्सबर्ग. डेन्मार्कच्या एका मोहिमेनं ती शोधली आणि पैसे देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचं नाव तिला मिळालं. हो, बिअरवालेच. सहा हजार मीटरच्या खालची गर्ता मात्र अरबी समुद्रात नाही, तिच्यासाठी जावाच्या बाजूला जावं लागतं. ही कार्ल्सबर्गची रांग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

वाडियांचं घराणं मूळचं समुद्राचंच. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबईला आले आणि गोदीत जहाजं बांधू लागले. वाडिया या नावाचा अर्थच जहाज बांधणारा. दीडशे वर्षं हे घराणं मुंबईच्या गोदीत मुख्य कारागीर होतं. त्यांनी १८१७ साली बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडात पाण्यावर उभं आहे. दाराशा जन्मले तोवर लोखंड आणि वाफ आली होती आणि घराण्याचं ते वैभव ओसरत होतं. त्यांचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते, एका आडबाजूच्या छोट्या स्टेशनावर. तिथे शाळा नाही, म्हणून नऊ भावंडांतला हा चौथा मुलगा सुरतेत आजोळी, आजीपाशी राहिला. आधी गुजराती शाळा, मग इंग्रजी. अकराव्या वर्षी कुटुंब बडोद्याला गेलं. तेव्हाचं बडोदं म्हणजे सयाजीरावांचं बडोदं. थोरले भाऊ मंचेरशा तिथे शिक्षणखात्यात नावाजलेले होते आणि धाकट्याला अभ्यासाची गोडी त्यांच्यामुळेच लागली.

बडोदा कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र शिकले. भूविज्ञान त्यात नंतर आलं, तेही प्राध्यापक अदरजी मसानी यांच्यामुळे. सृष्टिविज्ञानाचा एक चांगला मास्तर एखाद्या विद्यार्थ्याला कुठल्या कुठे नेऊन सोडतो, त्याचं हे उदाहरण. हिंदुस्थानात त्या वेळी भूविज्ञान शिकवणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी होती. घरचा धंदा लाकडाचा आणि पाण्याचा, आणि मुलगा दगडांच्या मागे लागला.

१९०७ साली, चोवीस वर्षांचे असताना, ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेले. कॉलेज नवंकोरं, दोनच वर्षांचं. भूविज्ञान शिकवायचं आणि जोडीला इंग्रजीही. सुरत-बडोद्याच्या सपाट मुलखातला माणूस, खिडकी उघडली की समोर शिवालिकच्या टेकड्या आणि त्यांच्या मागे पीर पंजाल. तिथे ते चौदा वर्षं राहिले. सुट्टी लागली की डोंगरात. विद्यार्थ्यांना घेऊन टेकड्यांत फिरताना त्यांना एका पुरातन हत्तीच्या जबड्याचा तुकडा आणि सुळा सापडला. सुळा तीन मीटर लांब. प्राण्याचं शास्त्रीय नाव स्टेगोडॉन गणेसा. नाव ठेवणाऱ्यालाही आपला बाप्पाच आठवला होता.

या चौदा वर्षांतलं मला सगळ्यात आवडलेलं काम सुळ्याचं नाही, पुस्तकाचं आहे. वर्गात शिकवायला पुस्तकच नव्हतं. सरकारी भूवैज्ञानिक खात्यानं काढलेला जुना जाडजूड ग्रंथ होता, पण तो तज्ज्ञांसाठी, त्याची दुसरी आवृत्ती १८९३ची, आणि विद्यार्थ्याच्या हाती लागणं कठीण. मग वाडियांनी स्वतःच विद्यार्थ्यांसाठी भारताचं भूविज्ञान लिहायला घेतलं. १९१९ साली लंडनच्या मॅकमिलननं ते छापलं. ते कलकत्त्याच्या मोठ्या कचेरीतल्या साहेबानं लिहिलेलं नाही, जम्मूच्या एका कॉलेजमास्तरनं वर्गाची अडचण म्हणून लिहिलं, आणि पुढची पन्नास वर्षं सुधारत राहिला. आपल्या लायब्ररीत त्याची एक जुनी प्रत आहे. मागच्या कागदावर तारखांचे शिक्के बघा, कितीजणांनी नेली असेल. भाषा इतकी सरळ आहे, की माझ्यासारख्या कला शाखेच्या मुलीलाही पहिली दोन प्रकरणं अडखळत का होईना समजली.

पुस्तकानं नाव झालं. १९२१ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात घेतले गेले. वय ३८. विलायती पदवी नसलेल्या देशी माणसाला त्या खात्यात अधिकाऱ्याची जागा मिळणं त्या काळी दुर्मिळ होतं. बहुतेक माणसं या वयात डोंगरावरून उतरून खुर्चीवर बसतात. हे उलट पूर्णवेळ डोंगरात गेले. पूंछ, पीर पंजाल, हजारा, नंगा पर्वत, गिलगिट. तंबू, खेचरं, हातोडा, नकाशा.

आता ते तिथे वाचत काय होते, ते सांगते. हा भाग मला स्वतःला समजायला वेळ लागला.

एडवर्ड झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं १८९३ साली एका नाहीशा झालेल्या समुद्राला टेथिस हे नाव दिलं. आज जिथे हिमालय आहे तिथे एकेकाळी समुद्र होता. हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. माझ्या आजीच्या देवघरात शाळिग्राम आहे. तो फोडून कुणी बघत नाही (आजी जीव घेईल), पण असे काळे गोल दगड नेपाळात गंडकी नदीत मिळतात आणि त्यात चक्राच्या खुणा असतात. ती चक्रं अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याची, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे टेथिसच्या तळाचा एक तुकडा आमच्या घरी रोज तुळशीचं पान घेऊन बसलाय.

पण समुद्राचा तळ म्हटलं की कुठला तळ? मघाशी आपण डुमसहून चालत गेलो तेव्हा किती वेगवेगळे पट्टे लागले. दगड बघून तो कुठल्या पट्ट्यातला हे सांगता येतं, आणि भूवैज्ञानिकाचं अर्धं वाचन हेच असतं. गोटे आणि लाटांच्या खुणा असलेला वाळूचा खडक दिसला तर किनारा. बारीक चिखलाचा, पापुद्र्यांचा शेल दिसला तर जरा आतलं, शांत पाणी. नाण्यांसारख्या चपट्या न्युम्युलाइटनं भरलेला चुनखडक म्हणजे उबदार, नितळ, उजेड पोचणारं उथळ पाणी, कारण त्या जिवाच्या पोटात शेवाळ राहायचं आणि शेवाळाला ऊन लागतं. चार-पाच हजार मीटरच्या खाली मात्र चुन्याची शिंपली पाण्यात विरघळून जातात. तिथे उरतात ती गारेसारख्या पदार्थाची सूक्ष्म कवचं, आणि त्यांचा होतो चर्ट नावाचा कठीण खडक. तो दिसला की समजायचं, हा खोल काळोखातला तळ.

या हिशेबानं हिमालय वाचला तर एक गंमत होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्राचा तळ आहे हे वाक्य आपण सगळे टाळ्यांसाठी वापरतो. माथ्यावरचा चुनखडक समुद्रातला आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना आहे, त्यात समुद्री जिवांचे तुकडे आहेत, हे सगळं खरं. पण तो उथळ समुद्रातला आहे, उजेडाच्या पट्ट्यातला. हिमालयातले टेथिसचे बहुतेक थर हे भारताच्या उत्तर किनाऱ्याच्या समुद्रबूड जमिनीवर साठलेले आहेत. म्हणजे डुमससमोर आज जे आहे तसलं काहीतरी. खरा खोल महासागरी तळ, उशीसारखे फुगे धरून थिजलेल्या लाव्हाचा आणि चर्टचा, तो फार थोडा उरलाय, लडाखात सिंधूच्या काठानं, एका अरुंद पट्ट्यात. बाकीचा गेला कुठे? वाडियांच्या तरुणपणी या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुणापाशीच नव्हतं.

वाडियांचा स्वतःचा प्रश्न जरा वेगळा होता. हिमालयाची रांग आसामकडून काश्मीरपर्यंत एखाद्या धनुष्यासारखी येते, आणि नंगा पर्वतापाशी, ८,१२६ मीटर उंचीच्या त्या एकट्या राक्षसापाशी, अचानक वळते. वायव्येला चाललेले खडकांचे पट्टे एकदम नैर्ऋत्येला फिरतात, केसात लावायच्या पिनेसारखे. अनेकांना वाटायचं की इथे दोन वेगळ्या पर्वतरांगा येऊन भिडल्या आहेत. वाडिया वर्षानुवर्षं ते पट्टे पायी धरून चालले. काश्मीरच्या बाजूला जो थर दिसला तोच वळणाच्या पलीकडे हजारात सापडतो का, त्याच्या खाली-वर तेच शेजारी आहेत का. सापडत गेले. दोन रांगा नव्हत्याच, एकच रांग वळली होती. १९३१ साली त्यांनी हे सगळं एका मोठ्या निबंधात मांडलं. कारण त्यांनी असं दिलं, की भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या कठीण खडकाची एक जीभ पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेला घुसली आहे. टेथिसचे मऊ थर तिच्यावर दाबले गेले आणि तिच्याभोवती वळले. घरात जमिनीवरची सतरंजी ढकलत नेली आणि वाटेत टेबलाचा पाय आला तर ती पायाभोवती जशी चुण्या घेऊन वळेल, तसं.

या वळणाला भूविज्ञानात सिंटॅक्सिस म्हणतात. आपल्या मंडळाच्या लोकांना सांगायला हरकत नाही, की व्याकरणात वाक्यरचनेला जो इंग्रजी शब्द आहे त्याचं ग्रीक मूळ हेच, एकत्र मांडणं. तुटक वाटणारे दोन तुकडे एकच वाक्य आहे, हे त्यांनी दाखवलं. एवढा विनोद मला करू द्या.

पुढची वीस वर्षं मी भराभर सांगते, कारण मानसन्मानांची यादी कुणालाही कुठेही मिळेल. १९३८ साली ५५व्या वर्षी निवृत्ती. लगेच सिलोनच्या सरकारनं बोलावलं, तिथे १९४४पर्यंत खनिजतज्ज्ञ. त्या बेटाची जमीन तीन पायऱ्यांनी वर गेली आहे, त्या पायऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. १९४२ आणि १९४३ अशी लागोपाठ दोन वर्षं विज्ञान काँग्रेसचं अध्यक्षपद. १९४३ साली लंडनचं लायल पदक. मग दिल्लीत सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार, नव्या खाण खात्याचे प्रमुख, १९४९पासून अणुखनिजांच्या शोधाचं काम. १९५७ला रॉयल सोसायटीचे सदस्य, १९५८ला पद्मभूषण. यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : १९३५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या मातीचा नकाशा केला होता. दगडाच्या माणसाला शेतकऱ्याची मातीही महत्त्वाची वाटली, हे मला आवडलं.

आणि मग १९६०. हिंदी महासागर हा जगातला सगळ्यात कमी अभ्यासलेला महासागर, म्हणून अनेक देशांनी मिळून मोठी मोहीम आखली. १९५९ ते १९६५ या काळात चाळीसहून अधिक जहाजांनी त्यात भाग घेतला. त्याआधी आपल्याकडे समुद्रतळाचं काम अजिबात झालं नव्हतं असं नाही. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेलं 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज खोल तळावर जाळी सोडून तिथले मासे, खेकडे वर काढत असे. १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजानं अरबी समुद्राची खोली ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मोजली होती. पण स्वतंत्र भारताला स्वतःच्या समुद्राचा अभ्यास असा आता प्रथमच करायचा होता. त्यासाठी सरकारनं महासागर संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष केले वाडियांना. वय ७७. हयात डोंगरात गेलेल्या माणसाला. त्यांच्याबरोबर काम बघायला एन. के. पणिक्कर, ते सागरी जीवशास्त्राचे. नौदलाची 'कृष्णा' ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका संशोधनासाठी बदलून घेतली गेली.

आता कार्ल्सबर्गची रांग. १९६२ साली याच मोहिमेत ब्रिटिशांचं 'ओवेन' हे जहाज त्या रांगेवरून चुंबकत्व मोजत फिरलं. जहाजावर केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. मोजमापं घरी आणल्यावर ती त्यांच्या विद्यार्थ्यानं, फ्रेड व्हाइननं, सोडवायला घेतली. तो तेव्हा चोविशीतला, आपल्यातल्या एखाद्या पीएचडीवाल्या दादाएवढा. रांगेच्या दोन्ही बाजूंना खडकांच्या चुंबकत्वाचे उलटसुलट पट्टे होते. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं हे माहीत होतं. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली मांडलं ते असं : रांगेच्या मधल्या भेगेतून लाव्हा वर येतो, थिजताना त्या वेळचं चुंबकत्व धरून ठेवतो, आणि मग दोन्ही बाजूंना सरकतो. नवा आला की जुना आणखी बाजूला. म्हणजे समुद्राचा तळ स्थिर नाही. तो मध्ये जन्मतो आणि कडेला सरकत राहतो, आणि कुठेतरी गर्तेत परत पृथ्वीच्या पोटात जातो.

टेथिसचा खोल तळ कुठे गेला, याचं हे उत्तर. तो आशियाच्या खाली गेला. वर राहिली ती समुद्रबूड जमीन, चुरगळून उभी राहिलेली, आणि शिवणीत अडकलेले खोल तळाचे थोडे तुकडे. भारताच्या जुन्या खडकाची जी जीभ वाडियांनी तीस वर्षांपूर्वी पट्टे मोजत मोजत ओळखली होती ती का घुसली, कोण तिला ढकलत होतं, हेही त्यातून हळूहळू उलगडणार होतं. आणि पुरावा मिळाला कुठे? त्याच महासागरात, त्याच मोहिमेत, जिच्या भारतीय समितीचे अध्यक्ष सुरतेचे वाडिया होते.

पण हळूहळू. १९६३च्या त्या निबंधाकडे जगानं लगेच मान वळवली नाही. १९६४च्या डिसेंबरात दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद भरली, आशियातली पहिली, आणि वाडिया तिचे अध्यक्ष होते. त्याआधीच्या वर्षी ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले होते. १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली, तीच आज गोव्यात दोना पावलाला आहे. पहिले संचालक पणिक्कर. १९६७ला हिंदी महासागराच्या तळाचा तो प्रसिद्ध रंगीत नकाशा छापून आला, ब्रूस हीझन आणि मारी थार्प यांच्या कामावरून केलेला, ज्यात कार्ल्सबर्गची रांग जखमेच्या टाक्यांसारखी दिसते. १९६८ला दिल्लीत हिमालय भूविज्ञान संस्था निघाली, ती पुढे डेहराडूनला गेली आणि वाडियांच्या नावाची झाली. एक संस्था समुद्राची, एक डोंगराची, अडीच वर्षांच्या अंतरानं, आणि दोन्हींच्या मुळाशी हाच माणूस. १५ जून १९६९ला ते गेले. वय ८५. भारत उत्तरेला कुठल्या वेगानं, कुठल्या वाटेनं आला याचा हिंदी महासागराच्या तळावरून काढलेला नीट हिशेब १९७१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षं चुकली.

मला हे वाचून आधी वाईट वाटलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या मागे स्कूटरवर बसून मी मांडवी तालुक्यात तडकेश्वरला गेले. वाडियांच्या पुस्तकात सुरत आणि भरूचमधल्या न्युम्युलाइटच्या खडकांचा उल्लेख आहे आणि ते आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओढ्याच्या काठी चुनखडकात खरंच नाणी होती. नखाएवढी, चपटी, आत बारीक गोल रेषा. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे भारत आशियाला भिडत होता त्या सुमाराची. हजाराच्या डोंगरात वाडियांनी जी नाणी मोजली त्यांचीच भावंडं, फक्त ही डोंगरावर चढली नाहीत, सुरत जिल्ह्यातच राहिली. त्या पुस्तकानं मला बरोबर जागेवर नेऊन उभं केलं होतं, तेही कारण माहीत नसताना केलेल्या नोंदींवरून. कारण नंतर आलं, नोंद बदलावी लागली नाही. दोन वर्षं चुकल्याचं दुःख मग माझं जरा कमी झालं. चार नाणी मी आजीला दिली. तिनं धुऊन शाळिग्रामाशेजारी ठेवली.

आपल्या किनाऱ्याच्या पश्चिमेला, मंच आणि उतार संपल्यावर, पाण्याखाली लक्ष्मी नावाचं खोरं आहे. तिथला तळ साडेतीन हजार मीटरच्या आसपास. त्या खोऱ्यात तीन जुने ज्वालामुखी उभे आहेत. गोव्याच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं सविस्तर मोजमाप केलं. त्यांची नावं रामन, पणिक्कर आणि वाडिया. वाडियांचा सपाट माथ्याचा आहे. २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय जहाजानं त्या खोऱ्याच्या तळाला भोकं पाडली, तर हजार मीटरहून जास्त खोलीपर्यंत थरावर थर. त्यात बराच गाळ सिंधूनं आणलेला, नंगा पर्वताच्या कुशीतून, काश्मीरच्या बाजूनं, हिमालय खरवडून. जो तळ डोंगर झाला होता तो परत तळाला येऊन बसतोय. त्या गाळात द्वीपकल्पाच्या नद्यांचाही वाटा सापडला आहे, नर्मदेचा आणि तापीचा.

आजीला हे मी फोनवर सांगितलं. खानदेशचा गाळ तिथपर्यंत पोचतो हे ऐकून तिला काही विशेष वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, तिथे उपसायला कोण असतं.